पगारेंचा फोन कुणी उचलला?

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी धोंडिराम पगारे यांच्या खात्यातून चार लाख ऐंशी हजार रुपये गेले. धोंडिराम पगारे स्वतः त्याच्या एक वर्ष आधीच गेले होते.

शनिवारी दुपारी त्यांच्या पत्नी चंपाबाई पासबुक छापून घ्यायला बँकेत गेल्या, तेव्हा हे उघडकीला आलं. खातं नवराबायकोचं एकत्र होतं. मयताचं नाव काढायचा अर्ज चंपाबाईंनी आज करू, उद्या करू म्हणत लांबणीवर टाकला होता. पगारेंच्या निवृत्तीचा उरलासुरला पैसा त्या खात्यात होता. आता शिल्लक होते सहाशे बारा रुपये.

घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या चार मजली इमारतीत लिफ्ट नाही, पण बातमीला कधी जिने चढताना धाप लागत नाही. दिवेलागणीपर्यंत पैसे गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं, आणि ते कुणी घेतले हेही ठरून गेलं होतं. ठरवायला फारसा वेळ लागला नाही, कारण घरात सून होती.

ती सून, शीतल, संध्याकाळी सहाला दुसऱ्या मजल्यावर माणिक गुप्ते यांच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, आवाज मात्र ताठ.

"मावशी, मी पैसे घेतले नाहीत. पण ते मला सिद्ध करता येत नाही."

माणिकबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन लावून इतकी माणसं ऐकली होती, की चेहऱ्यापेक्षा आवाजावर त्यांचा जास्त भरवसा होता. आणि धोंडिराम पगारे त्याच एक्स्चेंजचे लाइनमन. पावसात खांबावर चढून बाईंच्या बिल्डिंगची लाइन जोडणारा माणूस. त्याच्या घरात चोर शोधायची पाळी येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"एकोणीसशे तीसला फोन केलात का?" बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"ते काय असतं?"

"सायबर चोरीची तक्रार घेणारा नंबर! पैसे गेले की पहिला फोन तिथे, दुसरा बँकेला. दुपारपासून काय करताय तुम्ही सगळे?"

शीतल खाली बघत म्हणाली, "आई मला विचारत होत्या, पैसे कुठे ठेवलेस."

बाईंनी कपाळावर हात मारला. तिथल्या तिथे तक्रार नोंदवली. बँकेचा नंबर इंटरनेटवर न शोधता एटीएम कार्डाच्या पाठीमागचा पाहून लावला आणि खात्याची ऑनलाइन सोय बंद करवून घेतली. मग विचारलं, "आता सांग. घाई कसली आहे? तुझ्या आवाजात घाई आहे."

"उद्या पाच वाजता बाबांचा पहिला स्मृतिदिन. सगळे नातेवाईक येणार. आईंनी माझ्या आईवडिलांना मनमाडहून बोलावलंय. म्हणाल्या, कार्यक्रम झाला की सगळ्यांसमोर सांगते आणि पोरीला तुमच्याबरोबर पाठवते. मिथुन काहीच बोलला नाही मावशी. नवरा आहे माझा, आणि काहीच बोलला नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. तेवीस तासही उरले नव्हते.

२

पगारेंच्या घरात, हॉलमधल्या फळीवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी धोंडिरामांचा फोटो होता आणि फोटोपुढे त्यांचा बटणांचा मोबाइल, चार्जरला लावलेला. वर्षभर तो तिथेच होता. बँकेत नोंदवलेला नंबर त्याचाच.

"पुरावा आहे मावशी, उगाच आरोप नाही," मिथुन म्हणाला. पवईला एका ऑफिसात हिशेबाचं काम करणारा हा मुलगा बोलताना बायकोकडे बघत नव्हता. त्याने फोन हातात घेऊन मेसेज दाखवले. शुक्रवारी अकरा छत्तीसला बँकेचा ओटीपी. अकरा अडतीसला दुसरा मेसेज: तुमच्या विनंतीनुसार ओटीपी फोन कॉलवर कळवला आहे.

"बँकेत विचारलं मी. ते म्हणतात, कॉल याच नंबरवर गेला आणि तो उचलला गेला. अडतीस सेकंद. तेव्हा मी ऑफिसात, आई विहारात उद्याची तयारी बघायला गेलेली. घरात कोण होतं?"

"मी होते," शीतल म्हणाली. "पण फोन वाजला नाही."

"बँक काय खोटं बोलते?"

"आणि पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?" बाईंनी विचारलं.

"मला. आणि हिला." मिथुन थांबला. "नेट बँकिंग चालू केलं वरच्या नंदकुमारकाकांनी. त्यांच्या वहीत तेव्हा लिहिलेला होता."

आता चंपाबाईंनी तोंड उघडलं. "माणिकताई, गेल्या महिन्यात हिनं बदलापूरला घर घ्यायचं काढलं. म्हणे त्या पैशातून आगाऊ रक्कम भरू. मी नाही म्हटलं. त्यांच्या घामाचा पैसा आहे तो. आणि महिन्याभरात पैसा गायब. मी शाळा कमी शिकले, पण एवढं मला कळतं. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हेही मला पाठ आहे. यांनीच शिकवून ठेवलंय मला. मी आजवर एकाला..."

दारावरची बेल वाजली. वाक्य अर्धं टाकून चंपाबाई उठल्या आणि शीतल हलायच्या आत दारापाशी पोचल्या. साठीच्या बाईला इतकं चपळ उठताना माणिकबाईंनी पाहिलं नव्हतं. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला होता. चंपाबाईंनी गठ्ठा घेतला, दार लावलं आणि परत येऊन बसल्या, त्या उतरलेल्या चेहऱ्याने.

दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर धोंडिरामांचं आधारकार्ड ठेवलेलं होतं, उडू नये म्हणून वर किल्ल्यांचा जुडगा. उद्याच्या कार्यक्रमात कशाला तरी लागणार असेल, असं बाईंना वाटलं. इथे त्यांची चूक झाली, आणि त्या चुकीने अर्धा दिवस खाल्ला.

३

"परत सांग," माणिकबाई म्हणाल्या. त्यांनी शीतलला खाली स्वतःच्या स्वयंपाकघरात आणून चहा पाजला होता. "शुक्रवार सकाळ. एकेक गोष्ट."

"साडेनऊला मिथुन गेला. दहाला आई गेल्या. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले, बाबांच्या फोटोसमोर फूल ठेवलं. मग डाळ लावली. मी दीडला कामावर निघते, तोवर स्वयंपाक उरकायचा असतो." पश्चिमेच्या एका रक्त तपासणी केंद्रात ती दोन ते आठ काउंटरवर बसायची; आज गेलीच नव्हती. "दीडपर्यंत मी घरातच होते आणि फोन त्या दिवशी वाजलाच नाही."

बाईंचा कप ओठापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"त्या दिवशी?"

शीतलने आपला कप खाली ठेवला.

"त्या दिवशी वाजला नाही म्हणजे इतर दिवशी वाजतो. वर्षापूर्वी गेलेल्या माणसाला रोज कोण फोन करतं गं?"

"मी तसं नव्हते म्हणत..."

"शीतल, अगं मी जन्मभर लोकांची बोलणी ऐकली आहेत. नको तेवढी ऐकली आहेत. तू काहीतरी गिळलंस आत्ता."

मुलीचे डोळे भरून आले, पण मान हलली ती नकारार्थी. "ते माझं नाही, मावशी. दुसऱ्याचं आहे. मी सांगितलं तर त्या माणसाला फार लागेल."

"आणि उद्या पाचला तुला चोर म्हणतील ते चालेल?"

"चोर मी नाहीच आहे," शीतल म्हणाली. "पण ते सांगितलं तर मी चहाडखोर होईन."

बाईंना तिचा राग आला आणि तितकीच माया वाटली. त्या उठल्या, जिना चढून वर गेल्या, कुणाला न विचारता फळीवरचा फोन घेतला आणि मिथुनने बघितली नव्हती ती यादी उघडली. न उचललेले कॉल. सोमवार, सव्वाअकरा. मंगळवार, सव्वाअकरा. बुधवार, गुरुवार, सव्वाअकरा. मागे जावं तसतसं तेच. रोज एक कॉल, आणि समोर एकच नाव.

चेतना. धोंडिरामांची मुलगी, नाशिकला शाळेत शिक्षिका.

शुक्रवारी मात्र त्या यादीत काहीच नव्हतं.

४

"चेतना, तू शुक्रवारी बाबांच्या नंबरवर फोन केला होतास का?"

पलीकडे शांतता. माणिकबाईंनी घाई केली नाही. समोरचा कधी खोटं जुळवतोय आणि कधी धीर गोळा करतोय, हे श्वासावरून कळतं. चेतना धीर गोळा करत होती.

"मावशी, आईला सांगू नका. मी रोज करते. मधल्या सुट्टीत." तिचा आवाज बारीक झाला. "बाबांनी कॉलर ट्यून लावली होती ना, बासरीची. आम्ही दोघांनी मिळून निवडली होती, वीसेक ऐकून. ते गेल्यावर वाटलं, नंबर बंद होईल. पण कुणीतरी रिचार्ज करत राहिलं. मी नुसती ती ऐकते आणि ठेवते. एकदा वहिनीनं उचलला होता. मी काही न बोलता ठेवला. त्यानंतर तिनं कधी उचलला नाही, कधी विचारलंही नाही."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी बासरी लागलीच नाही. साधी रिंग वाजली, आणि एक माणूस बोलला. 'हां, कौन?' मी घाबरून ठेवला. मला वाटलं, आईनं नंबर सोडून दिला, कंपनीनं दुसऱ्याला दिला. खूप रडले. पण विचारणार कसं? रोज फोन करते हे सांगावं लागलं असतं."

माणिकबाईंनी फोन ठेवला. त्या हॉलमध्ये आल्या. मिथुन, चंपाबाई, आणि मागोमाग वर आलेली शीतल, तिघंही तिथेच होती. पगारेंचा मोबाइल फळीवर परत ठेवून बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि आपल्या मोबाइलवरून त्यांनी तोच नंबर लावला. आवाज मोठा केला.

घरभर रिंग ऐकू आली, ती फक्त बाईंच्या हातातल्या फोनमधून. फळीवरचा फोन गप्प होता. त्याचा दिवासुद्धा लागला नाही.

चौथ्या रिंगला कुणीतरी कॉल उचलला.

"हॅलो? कौन बोल रहा है?"

चंपाबाई भिंतीला टेकल्या. "अगं बाई! यांच्या नंबरवर कोण बोललं?"

बाईंनी फोन बंद केला. "ज्यानं शुक्रवारी बँकेचा कॉल उचलला तो. शीतल खरं बोलत होती. बँकही खरं बोलत होती. कॉल आला, उचललाही गेला, पण इथे नाही. हा नंबर दुसरीकडे वळवलेला आहे. आमच्या वेळी डॉक्टर लोक घेत असत ही सोय, घरचा फोन दवाखान्यात वाजावा म्हणून. मेसेज वळत नाहीत. कॉल वळतात. म्हणून चोरानं ओटीपी कॉलवर मागवला."

त्यांनी पगारेंच्या फोनवर स्टार, हॅश, एकवीस, हॅश दाबलं. कॉल कुठे वळवलेत हे दाखवणारी खूण ती. पडद्यावर एक अनोळखी नंबर उमटला. तो त्यांनी तक्रारीसाठी लिहून घेतला. मग हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश दाबून वळवणं रद्द केलं आणि पुन्हा नंबर लावला. या वेळी फळीवरचा फोन खणखणला.

शीतलला वाटलं, सुटले.

पण मिथुन हिशेबी माणूस. "मावशी, असं वळवायला काय करावं लागतं?"

"आकडे दाबावे लागतात," बाई म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना सांगणं भाग होतं. "याच फोनवरून."

"मग घरातल्याच कुणीतरी दाबले," मिथुन सावकाश म्हणाला. "बाबांच्या फोनला रोज हात कोण लावतं? चार्ज कोण करतं, रिचार्ज कोण करतं?"

सगळ्यांच्या माना शीतलकडे वळल्या.

५

रविवारी सकाळी माणिकबाईंनी आधी चौथा मजला गाठला. नंदकुमार देवस्थळी सोसायटीचे सचिव होते आणि इमारतीतल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म तेच भरून द्यायचे, त्यामुळे इतरांच्या घरातलं त्यांना जरा जास्तच माहीत असे. संशय आला म्हणताच ते भडकले.

"माझ्यावर? ही घ्या वही!" पगारेंच्या पानावरचा पासवर्ड खोडलेला होता. "मिथुन स्वतः येऊन सांगून गेला, काका, मी बदलला, तुमच्याकडचा काढून टाका. महिना झाला. शहाणा पोरगा आहे."

बाई जिन्यात थांबल्या. म्हणजे नवा पासवर्ड दोघांनाच ठाऊक, नवऱ्याला आणि बायकोला. बायकोने चोरी केली असती तर कॉल वळवायची उठाठेव कशाला? फोन तिच्या समोरच होता. मेसेज वाचायचा, काम संपलं. कॉल वळवावा लागतो तो ज्याचा हात त्या फोनपर्यंत पोचत नाही त्याला. चोर बाहेरचाच. मग पासवर्ड घराबाहेर गेला कसा?

मिथुन गच्चीवर खुर्च्या मांडत होता.

"मिथुन, तुला गेल्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला होता का? खातं बंद होणार, आजच माहिती भरा, अशा थाटाचा?"

हातातली खुर्ची तशीच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तुझ्या तोंडानं आत्ता सांगितलं."

तो कठड्यावर बसला. "बुधवारी आला होता. आजच्या आज पॅन नंबर भरा नाहीतर खातं गोठेल. मी गडबडीत होतो, लिंक उघडली. अगदी बँकेचंच पान वाटलं. युजर आयडी टाकला, पासवर्ड टाकला, बाबांचा नंबर टाकला. मग ओटीपी मागितला आणि माझी ट्यूब पेटली. बंद केलं लगेच. मावशी, मी ओटीपी दिला नाही! मला वाटलं, वाचलो."

"पासवर्ड बदललास?"

"नाही. ओटीपी दिला नव्हता ना..."

"अरे, घराची किल्ली चोराच्या हातात देऊन आलास आणि कडी घातली म्हणून झोपलास! आणि कालपासून बायकोला चोर म्हणताना हे आठवलं नाही?"

"आठवलं," मिथुन म्हणाला. "म्हणूनच बोलू शकलो नाही. ते माझ्यावर आलं असतं."

बाईंना त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण वेळ नव्हता. किल्ली कुणी दिली ते कळलं होतं. कडी कुणी काढली ते कळायचं होतं.

खाली येऊन त्यांनी पगारेंचा फोन पुन्हा हातात घेतला. गुरुवारी सव्वाअकराला चेतनाचा कॉल इथे वाजला होता, शुक्रवारी वाजला नाही. आकडे दाबले गेले ते या दोहोंच्या मधे. न उचललेल्या कॉलची यादी त्यांनी कालच पाहिली होती. आता उचललेल्या कॉलची उघडली. शीतलने एकदा उचललेला चेतनाचा कॉल सोडला, तर गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये ती रिकामी असायला हवी.

त्यात आणखी एक कॉल होता. गुरुवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटं, अनोळखी नंबर. बोलणं चाललं होतं अकरा मिनिटं.

६

गुरुवारी चारला शीतल रक्त तपासणी केंद्रात होती. तिथे अंगठा लावून हजेरी लागते. मिथुन पवईला होता. चेतना नाशिकला. नंदकुमारांकडे या घराची किल्ली नव्हती. उरलं एकच माणूस.

बाईंना एकदम दाराजवळचं आधारकार्ड आठवलं, आणि बेल वाजताच धावलेली चंपा. पार्सल घेताना ओळखपत्र दाखवायला लागतं. कार्यक्रमाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

स्वयंपाकघरात चंपाबाई खिरीसाठी वेलची कुटत होत्या. बाईंनी दार लोटून घेतलं.

"चंपा, कुठलं पार्सल यायचंय?"

खलबत्ता थांबला. चंपाबाई वळल्या नाहीत.

"गुरुवारी फोन वाजला," त्या म्हणाल्या. "मी कधी उचलत नाही. पण त्या दिवशी वाजतच राहिला. उचलला तर तो म्हणाला, 'धोंडिराम साहेब आहेत का?' असं अदबीनं. ताई, वर्षभरात कुणी त्यांना विचारलं नव्हतं. सगळे मला विचारतात, कशा आहात, बीपी कसं आहे. ते आहेत का असं कुणी विचारलंच नाही."

"आणि तू काय सांगितलंस?"

"आहेत म्हटलं." आता त्या वळल्या. तोंडावरून पाणी वाहत होतं. "आंघोळीला गेलेत म्हटलं. माझ्या तोंडातून निघून गेलं. मग तो म्हणाला, साहेबांच्या नावानं पार्सल आहे, नागपूरहून, बरेच दिवस अडकलंय. मला वाटलं, यांनीच मागवलं असेल, जायच्या आधी. पुस्तकं मागवायचे ना ते. तो म्हणाला, आमच्या पोराला पत्ता सापडत नाही, हे आकडे दाबा म्हणजे त्याचा फोन थेट लागेल. मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. फोन ठेवला आणि दाबले. ताई, त्यानं ओटीपी नाही हो मागितला! मागितला असता तर मी तिथेच झाडला असता त्याला."

कॅलेंडरच्या पाठीमागे, थरथरत्या अक्षरात, दोन स्टार, एकवीस, पुन्हा एक स्टार, एक मोबाइल नंबर आणि शेवटी हॅश. काल पडद्यावर उमटलेलाच नंबर.

माणिकबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. मिथुनने भरलेल्या पानातून चोराला पासवर्ड मिळाला, खात्यावरचं नाव मिळालं, नंबर मिळाला. फक्त बँक त्या नंबरवर बोलायला लागली की ऐकायला कान हवा होता. तो या आकड्यांनी मिळाला.

चंपाबाई ऐकत राहिल्या. पैशाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मग हळूच विचारलं, "म्हणजे पार्सल नाहीच?"

"नाही गं."

माणिकबाईंनी आयुष्यात अनेकांना वाईट बातम्या जोडून दिल्या होत्या, पण हेडफोनच्या पलीकडे. इतक्या जवळून कधी दिली नव्हती. त्यांनाही रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"चंपा," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही. हवं तर मी म्हणेन, बाहेरच्या चोराचं काम, घरातलं कुणी नाही. तेवढ्यानं भागेल."

"शीतलचं भागेल?" चंपाबाईंनी विचारलं.

नुसतं सुटणं वेगळं आणि डाग पुसला जाणं वेगळं, हे दोघींनाही कळत होतं.

७

पाच वाजता वंदना झाली. गच्चीवर पन्नासेक माणसं होती. धोंडिरामांच्या आठवणी दोघातिघांनी सांगितल्या. दुपारीच सायबर तक्रारीवर उत्तर आलं होतं: एक लाख सत्तर हजार पुढे सरकायच्या आत एका खात्यात अडवले आहेत. बाकीचे गेले. आदल्या दिवशी दुपारीच फोन केला असता तर कदाचित आणखी वाचले असते, पण ती दुपार या घराने सुनेची झडती घेण्यात घालवली होती.

शीतल मागे, जिन्याच्या तोंडाशी उभी होती. शेजारी तिचे आईवडील, मनमाडहून गाडी उशिरा आल्याने नुकतेच पोचलेले. आईचा पदर तोंडावर. वडील, जयवंत साळवे, रेल्वेच्या कारखान्यातले फिटर, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

चंपाबाई बोलायला उठल्या तशी गच्चीवर कुजबुज थांबली. सगळ्यांना कळलं होतं, कशासाठी उठल्यात. मिथुन पुढे झाला आणि म्हणाला, "आई, थांब. आधी मला बोलू दे." पण तेवढ्यात जयवंतरावच गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि चंपाबाईंच्या पायाशी ठेवली.

"विहीणबाई," ते हात जोडून म्हणाले, "सव्वा लाख आहेत. पतपेढीतून उचलले आणि हिच्या आईच्या बांगड्या मोडल्या. उरलेले महिन्याच्या महिन्याला देतो. पोरीकडून चूक झाली असेल. चारचौघांत तिचं नाव घेऊ नका."

शीतल पुढे आली, ती एकेक पाऊल टाकत. कालपासून सासू बोलली, नवऱ्याने पुरावे मांडले, शेजाऱ्यांनी दारं अर्धी उघडून पाहिलं, तेव्हा ती ताठ होती. आता तिचा आवाज फुटला.

"बाबा, तुम्हालाही खरं वाटलं?"

जयवंतराव पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत राहिले.

चंपाबाई खाली वाकल्या. त्यांनी पिशवी उचलली आणि विहिणीच्या रिकाम्या हातांत दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पैसे शीतलनं घेतले नाहीत. चोराला फोनची वाट मी करून दिली. ते गेलेत हे माझ्या तोंडून निघेना म्हणून मी एका परक्या माणसाला सांगितलं की ते आहेत, आणि त्यानं सांगितलं ते सगळं केलं. पासवर्ड माझ्या मुलानं दिला. या घरात खोटं बोलली नाही ती एकटी हीच, आणि चोर आम्ही तिलाच म्हटलं."

मिथुनची मान खाली गेली. त्याने ती वर केली नाही, पण "खरं आहे" एवढं तो मोठ्याने म्हणाला.

शीतल अजून वडिलांकडेच बघत होती. तिला सासूचं बोलणं ऐकू आलं की नाही, कोण जाणे. चंपाबाई तिच्याजवळ गेल्या. हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

"त्यांना नको विचारू पोरी," त्या म्हणाल्या. "काल त्यांना मी फोन केला. इतक्या खात्रीनं सांगितलं, की त्यांनी ऐकलं. मीही त्या माणसाचं असंच ऐकलं. पण त्यांना फसवणारी मी होते."